मागच्या सीटचे खाते कोणाच्या नावावर?

आपल्याकडे मोटारीतली मानाची जागा कोणती, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : मागची सीट. साहेब मागे बसतात, पाहुणे मागे बसतात, लग्नाला निघालेला नवरदेवही मागेच बसतो. घरात चारचाकी आली की आजी-आजोबांना हाताला धरून मागे बसवले जाते आणि मुलांना 'पुढे नको, धोका असतो' असे म्हणून मागे पिटाळले जाते. म्हणजे ज्यांना आपण सर्वांत अधिक जपतो ती माणसे मागे. आता त्याच मोटारीचा सुरक्षिततेचा ताळेबंद मांडून पाहा. पट्टा पुढचे दोघे लावतात, कारण चौकातल्या हवालदाराला पुढचे दोघेच दिसतात. गाडी घेताना एअरबॅगची चौकशी होते तीही बहुतेक पुढच्यांसाठीच. मागच्या सीटच्या बाबतीत आपण एकच गोष्ट बारकाईने पाहतो, ती म्हणजे कव्हरचा रंग.

अलीकडे मागच्या सीटशी आणखी एक खेळ सुरू झाला आहे. जुनी गाडी विकत घेतली की तिची फाटकी सीट काढून भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीची सीट आणून बसवायची; स्वस्त मॉडेल घेतले असेल तर त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलची सीट मिळवायची; सात माणसांच्या गाडीतले मधले बाकडे काढून तेथे दोन ऐसपैस सुट्या खुर्च्या लावायच्या. पैसे वाचतात, गाडी नवी दिसते, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो त्या सीटच्या डोक्यावर असलेल्या उशीचा. तिला आपण हेडरेस्ट म्हणतो. ती बसली की नाही एवढेच पाहिले जाते. नीट बसली का, हे कोणी पाहायचे याचे उत्तर मात्र आज कोणाकडेच नाही. या लेखाचा विषय ते उत्तर हा आहे.

दोन मृत्यू आणि एक सवय

३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने बाजूने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते. मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेली इजा जीवघेणी ठरली. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री मुंबईकडे येत असताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार उंची होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. मुंबईत तर १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्वांनी पट्टा लावलाच पाहिजे, असे वाहतूक पोलिसांनी जाहीर केले. नियम काही नवा नव्हता. पुढे तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक असल्याचे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासूनच लिहिलेले आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने पट्ट्याविना प्रवासी नेण्याचा दंड एक हजार रुपये केला आहे. पण नियम कागदावर आणि सवय हाडात, ही आपली जुनी विभागणी आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता आणि त्यांतले ८,३३१ जण चालक नव्हते, बरोबर बसलेले प्रवासी होते. म्हणजे निम्मे. आणि पट्ट्याविषयीची आपली वृत्ती कशी, याचा पुरावाही सरकारी कागदातच आहे. पट्टा न लावता गाडीची कटकट बंद करणारी एक छोटी पट्टी बाजारात मिळते. ती बकलमध्ये खुपसली की गाडीला वाटते, पट्टा लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांना ही पट्टी विकण्यास मनाई केली आणि विक्रीच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. स्वतःला फसवण्याचे साधन पैसे देऊन विकत घेणारे गिऱ्हाईक जेथे एवढे आहे, तेथे मागच्या सीटवरची उशी कोण तपासणार?

पण तपासायला हवी. कारण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. २०२२ मधल्या एकूण अपघातांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक अपघात मागून धडक बसण्याचे होते. टोलनाक्याची रांग, घाटातला अचानक लागलेला ब्रेक, सिग्नलला थांबलेली गाडी. पट्टा पुढे फेकले जाण्यापासून वाचवतो. मागून बसलेल्या धडकेत मान वाचवायची ती या उशीने.

उशी कशासाठी असते?

मागून धडक बसते तेव्हा मोटार एकदम पुढे ढकलली जाते. सीटची पाठ आपल्या पाठीला पुढे रेटते. डोक्याला मात्र कोणी रेटलेले नसते. साडेचार-पाच किलोचे ते ओझे होते तेथेच राहू पाहते. धड पुढे आणि डोके मागे, अशा ओढाताणीत मधली मान आधी वेडीवाकडी होते आणि मग चाबकासारखी मागे जाते. इंग्रजीत या दुखापतीला 'व्हिपलॅश' म्हणतात ते त्यामुळेच. हे सगळे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत उरकते. मान आखडायला, हाताने धरायला, सावध व्हायला वेळच नसतो. फार वेग लागतो असेही नाही. गर्दीतल्या साध्या धडकेनंतरही महिनोन्‌महिने मान आणि खांदे दुखत राहिलेली माणसे आपल्या ओळखीत असतात. गाडीला मात्र बंपरवर ओरखडा एवढेच.

डोके मागे जाऊ लागताच त्याला अडवणारे काहीतरी अगदी जवळ असेल तर मान वाचते. ते काम या उशीचे. तज्ज्ञ मंडळी तिला 'हेड रिस्ट्रेंट' म्हणतात, म्हणजे डोक्याचा अडसर. आपल्या तोंडी 'हेडरेस्ट' बसले आणि त्या 'रेस्ट' शब्दाने घोटाळा केला. डोके टेकून डुलकी काढायची सोय, असा समज झाला. जी गोष्ट सोयीची ती नसली तरी चालते, काढून ठेवली तरी चालते, उलटी बसवली तरी चालते. अडसराच्या बाबतीत यातले एकही चालत नाही.

अडसराला दोन मापे लागतात. एक उंचीचे. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या जवळपास यायला हवी. निदान कानांच्या वर तर हवीच. ती मानेशी आली तर उशी टेकू बनते आणि डोके तिच्यावरूनच मागे उलटते; नसती तर बरे, अशी स्थिती. दुसरे माप अंतराचे. डोके आणि उशी यांच्यात चार बोटांहून जास्त फट असू नये. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने बाजारातल्या मोटारींची ही दोन मापे घेतली, तेव्हा बहुसंख्य सीटा 'निकृष्ट' ठरल्या आणि 'चांगल्या' ठरलेल्या अगदी मोजक्या निघाल्या. मला या प्रकरणातली एक गोष्ट फार आवडते. मापे घ्यायला बाहेर पडली ती विमा कंपन्यांची संस्था. मानदुखीचे दावे भरून भरून ज्यांचा खिसा रिकामा होत होता, त्यांनीच टेप हातात घेतली. ज्याचे पैसे जातात तो मोजतो, हा व्यवहाराचा नियम सगळीकडे सारखाच. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९९७ मध्ये साबने आणि १९९८ मध्ये व्होल्व्होने, धडक बसताच डोक्याला व पाठीला सावरून घेणाऱ्या सीटा बाजारात आणल्या.

मागची सीट मात्र सगळ्याच जगात मागे राहिली. अमेरिकेत पुढच्या सीटांना डोक्याचा अडसर सक्तीचा झाला १ जानेवारी १९६९ पासून. युरोपातल्या 'युरो एनकॅप' या चाचणी संस्थेने मागच्या सीटच्या मानेकडे पाहायला सुरुवात केली ती २०१४ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षे मागचा प्रवासी आपल्या नशिबावर. आपल्याकडची 'भारत एनकॅप' ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, हे फार चांगले झाले. गाडीच्या जाहिरातीत तारे झळकू लागले. पण सुरुवातीच्या त्या ताऱ्यांसाठी ज्या धडका घेतल्या गेल्या त्या समोरून, बाजूने आणि खांबावर. मागून बसणाऱ्या धडकेत मानेचे काय होते, ही परीक्षा त्यांत नव्हती. पाच तारे आहेत म्हणून आजीची मान सुरक्षित आहे, असा अर्थ घरी कोणी काढला असेल तर तो तेवढा दुरुस्त करून घ्यावा.

माझ्या पिढीला तर हे सगळे नवेच. आमची फियाट आणि अँबेसेडर यांना पुढे-मागे नुसती बाकडी होती. पाठीवर टर्किशचा टॉवेल आणि मागच्या काचेखालच्या फळीवर मान डोलावणारा खेळण्यातला कुत्रा. त्या कुत्र्याची मान प्रत्येक धक्क्याला हलते याची मुलांना मौज वाटायची. पुढे बसलेल्या आपल्या माना त्याहून वेगळे काही करत नसत. पुढे मारुतीचे युग आले, नव्या गाड्या आल्या, पुढच्या सीटांना उंच पाठी आल्या. मागे मात्र हिशेब किमतीचा राहिला. अनेक मॉडेलांच्या स्वस्त आवृत्तीत मागची उशी पाठीतच शिवलेली, ठेंगणी आणि न हलणारी. महाग आवृत्तीत ती वरखाली होणारी. मध्ये बसणाऱ्या तिसऱ्या माणसाला पुष्कळदा काहीच नाही. एकाच गाडीत मानेची किंमत तीन प्रकारची. सीट बदलण्याची हौस येथूनच सुरू होते, आणि ती मुळात शहाणपणाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

'दांडी बसते ना काका, मग झाले!'

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी हॅचबॅक घेतली. मागे त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण बसणार. तिला मानेचा त्रास. म्हणून तो मला म्हणाला, "मामा, मागची सीटच बदलून टाकू. उशीवाली मिळते." एका उपनगरातल्या सीटकव्हरच्या दुकानात आम्ही गेलो. कारागीर हुशार होता. अर्ध्या तासात त्याने जुनी सीट बाहेर काढून दुसरी आत सरकवली. सीट एका गाडीची आणि हेडरेस्ट दुसऱ्याच गाडीचे होते. एक दांडी आत गेली, दुसरी अडली. त्याने कानस घेतली, दांडी घासली, वरून चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि तळहाताने ठोकून ती आत बसवली. मी विचारले, "हे खटक्यात अडकले का?" तो हसून म्हणाला, "दांडी बसते ना काका, मग झाले! आता हे जन्मात निघत नाही." मी दोन्ही हातांनी उशी वर ओढली. ती खटका न दाबता सरळ हातात आली. कारागिराचा चेहरा उतरला नाही. त्याला ते विशेष वाटलेच नाही. आम्ही ती सीट घेतली नाही, एवढेच.

यात त्या कारागिराचा द्वेष करण्यासारखे काही नाही. त्याला कोणी शिकवले? दोन लोखंडी दांड्या आणि दोन भोके, यापलीकडे या वस्तूत काय असते ते आपणही कधी पाहत नाही. खरे तर त्यात पुष्कळ असते. सीटच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात. नळ्यांत प्लास्टिकच्या बाह्या असतात आणि त्यांतल्या निदान एकीला स्प्रिंगचा खटका असतो. दांडीवर खाचा असतात. खटका खाचेत अडकला की उशी त्या उंचीवर ठरते. धडकेत खाली दबत नाही आणि वर उडत नाही. दांड्यांची जाडी आणि त्यांच्यातले अंतर गाडीगाडीत वेगळे असते. काही मिलिमीटरांचाच फरक, पण तेवढ्याने एक तर दांडी जात नाही किंवा जाते पण खटका लागत नाही. ती घासली तर खाच जाते. चिकटपट्टी लावली तर घट्टपणाचा भास होतो आणि अडसर नाहीसा होतो. आणि उन्हात तापलेल्या गाडीत चिकटपट्टी किती महिने टिकते, हे कोणाही गृहिणीला ठाऊक आहे.

दुसरी चूक दिशेची. पुष्कळ हेडरेस्टच्या दांड्या सरळ नसून किंचित वाकलेल्या असतात, म्हणजे उशी डोक्याच्या जवळ यावी. काहींना ती टोचते म्हणून ती फिरवून उलटी बसवतात. मग जी फट चार बोटांच्या आत हवी ती वीतभर होते. तिसरी चूक कव्हरची. जाड रेक्झिनचे कव्हर चढवताना खटक्याचे बटण त्याखाली गाडले जाते आणि उशी कायमची सर्वांत खालच्या खाचेत अडकते. मागच्या हेडरेस्टची ही खालची जागा पुष्कळदा रिकाम्या सीटसाठी असते, चालकाला मागचे दिसावे म्हणून. माणूस बसला की ती वर ओढायची असते. आपण ती वर्षानुवर्षे तेथेच ठेवतो.

चौथी गोष्ट सर्वांत घातक आणि सर्वांत नेहमीची. मागची सीट बाहेर काढली की पट्ट्यांची बकले सैल पडतात. नवी सीट दाबून बसवताना ती खाली राहून जातात. नंतर कव्हर चढते. मग मागे बसणारा पट्टा ओढतो, अडकवायला जागा शोधतो आणि सोडून देतो. 'आमच्या गाडीत मागे पट्टाच नाही' असे सांगणाऱ्या कित्येकांच्या गाडीत तो असतो. सीटखाली निजलेला असतो. पट्टा जेथे गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो तो बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला चालत नाही, हेही लक्षात ठेवायचे. अपघातात माणसाचा सगळा भार त्या एका बोल्टवर येतो.

भार किती, याचा अंदाज शाळेतल्या गणिताने येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रस्ता विसाव्या मजल्याच्या बेताला पोचला आणि आपण उशी चिकटपट्टीने बसवतो आहोत. सैल उशी नुसती निरुपयोगी ठरत नाही. धडकेत ती सुटली तर लोखंडी दांड्यांसह पुढच्याच्या डोक्यामागे जाते. कव्हर चढवताना काढलेली हेडरेस्टे मागच्या फळीवर ठेवून देणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

येथेच मोबाइलवर फिरणाऱ्या एका समजाचा समाचार घ्यायला हवा. 'हेडरेस्ट निघते ते काच फोडण्यासाठीच' असा संदेश दरवर्षी पावसाळ्यात येतो. हेडरेस्ट निघते ते सीट दुमडता यावी, साफ करता यावी, लहान मुलाची खास सीट बसवता यावी म्हणून. अडकल्यावर दांडीने बाजूची काच फोडता आली तर तो जोडफायदा. समोरची काच तर दुहेरी असते आणि तशी फुटतही नाही. पण हा संदेश वाचून हेडरेस्ट सहज निघावे म्हणून खटका मोडून ठेवणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. रोजच्या धोक्यावर पाणी सोडून क्वचितच्या धोक्याची तयारी करणे, याला शहाणपण म्हणत नाहीत.

सह्या सगळ्यांच्या, जबाबदारी कोणाची?

मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यांतली बरीच कर्जविभागात. वाहनकर्जाच्या फायलीत काय असते ते मला पाठ आहे. दरपत्रक, विमा, नोंदणीपुस्तकावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद, दोन जामीनदार. गाडीची तपासणी करायला माणूस जायचा. तो चॅसिसचा नंबर पेन्सिलने घासून आणायचा, टायर पाहायचा, रंग पाहायचा. मागच्या सीटवर बसून कोणी पाहिले नाही, कारण फॉर्मात तसा रकाना नव्हता. संस्थांना तेवढेच दिसते जेवढ्याला रकाना असतो.

सीट बदलण्याच्या व्यवहारात हेच मोठ्या प्रमाणावर होते. गाडी बनवणारी कंपनी म्हणते, आमची सीट आम्ही आमच्या गाडीसाठी तपासली. ती तुम्ही दुसरीकडे लावली तर आमचा संबंध संपला. बरोबरच आहे. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकाने सांगितले तसे केले. परिवहन कार्यालय नोंदणीपुस्तक पाहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. पण नोंदणीपुस्तकात आसनांची संख्या असते. आसनावरच्या उशीचा तपशील नसतो. पाचाची सीट काढून पाचाचीच लावली तर कागद जसाच्या तसा. विमा कंपनी गाडीत बसवलेल्या जादा साहित्याची किंमत विचारते, कारण त्यावर हप्ता ठरतो. ते साहित्य नीट बसले का, हे विचारत नाही. बँक हप्ते पाहते. आणि मालक? मालक म्हणतो, दुकानदाराला कळते. सहाजणांच्या सह्या असलेल्या कागदावर जबाबदारी बहुधा कोणाचीच नसते.

आणि हे फक्त घरच्या गाडीपुरते असते तरी आपल्या घरापुरते झाले असते. शाळेत मुले नेणारी व्हॅन पाहा. आत मूळ सीटा किती आणि वेल्डिंग करून बसवलेली फळकुटे किती, ते एकदा दार उघडून मोजा. आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापच्या जिपा पाहा. तेथे डोक्याचा अडसर सोडाच, पाठीलाही पाठ नसते. त्या चालकांची बाजूही आहे. पालकांना कमी पैशांत मूल शाळेत पोचवायचे आहे, गावाला एसटी वेळेवर नाही. गरजेतून झालेली गोष्ट दंडाने थांबत नाही, ती आतल्या आत आणखी लपते. म्हणून मनाई करा, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की व्यवहार होणारच असेल तर त्याची नोंद व्हावी.

ती कशी, हे सांगणे अवघड नाही. सीट बदलून देणाऱ्या दुकानदाराने पक्के बिल द्यावे आणि त्यावर सीट कोणत्या गाडीची, कोणत्या साली बनलेली, हेडरेस्ट त्याच सीटचे आहे की नाही, हे लिहावे. दोन ओळी. पण आपल्या नावाने लिहावे लागले की माणूस कानस खाली ठेवतो, हा माझा अनुभव बँकेतला आहे आणि तो दुकानातही खरा ठरेल. विमा कंपन्यांनी नूतनीकरणाच्या फॉर्मात एक प्रश्न वाढवावा : 'सीट बदलली आहे काय?' परदेशात टेप घेऊन पहिल्यांदा त्याच पुढे आल्या होत्या. मोटार कंपन्यांनी स्वस्त आवृत्तीच्या मालकाला त्याच गाडीची अस्सल उशीवाली सीट सुटी विकावी आणि आपल्या केंद्रात बसवून द्यावी. मग भंगार बाजारात कोण जाईल? शाळेच्या व्हॅनला तर योग्यतेचा दाखला ठरावीक मुदतीने घ्यावाच लागतो. तेथे तपासनीस आहे, फॉर्म आहे, शिक्का आहे. फक्त एक रकाना हवा आहे.

आज रविवार आहे

तोवर काय करायचे? तोवर खाते आपल्याच नावावर आहे असे धरून चालायचे. आज रविवार आहे, बहुतेकांच्या घरी गाडी धुतली जाईल. तेव्हा मागचे दार उघडा आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा. उशी खटका न दाबता वर ओढून पाहा. ती हातात आली तर ती नाही असे समजा. तिची कड कानांच्या वर येते का पाहा. येत नसेल तर खाचेखाच वर घ्या. डोके आणि उशी यांच्यात बोटे घालून पाहा. कव्हरने बटण झाकले असेल तर तेथे कात्रीने नीटस भोक पाडा. कव्हर पुन्हा मिळते. हात घालून बकले वर काढा, तिन्ही. सीट दुमडणारी असेल तर तिची पाठ जोरात पुढे ओढून कुलूप लागले का ते पाहा. लहान मुलाची सीट लावत असाल तर तिच्या पुस्तिकेत हेडरेस्ट ठेवायचे की काढायचे, हे लिहिलेले असते. ते वाचा, आणि मूल मोठे झाल्यावर काढलेले हेडरेस्ट परत लावा. सीट बदललेली असेल तर एवढेच विचारा : सीट आणि उशी एकाच गाडीची आहेत का? दांडी घासली आहे का? उत्तर नीट मिळाले नाही तर जुनी सीट परत बसवा. फाटकी पण आपल्या गाडीची सीट, चकचकीत पण परक्या सीटपेक्षा बरी.

या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात. मुले हसतील, आजोबा 'कशाला उगीच' म्हणतील. म्हणू द्यावे. त्यांना मागे बसवले ते त्यांना जपायचे म्हणूनच ना? मग जपणे पूर्ण करावे.